मॉर्क बोर्ग: कॅरेक्टर बनवणं आणि नियम, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉर्क बोर्ग हा टेबलाभोवती बसून खेळायचा रोलप्लेइंग गेम: प्रत्येक खेळाडू एक पात्र (कॅरेक्टर) खेळतो आणि जीएम, म्हणजे गेम मास्टर, बाकीचं जग आणि शत्रू चालवतो. ठाणे आणि नवी मुंबईतल्या टेबलांवर नव्याने येणारे लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे आहेत. नियम मूळ पुस्तकातलेच आहेत. जिथे पुस्तक गप्प बसतं आणि आम्ही आपली सोय केली आहे, तिथे ‘टेबलाचा नियम’ असं स्पष्ट लिहिलंय. डी६ म्हणजे सहा बाजूंचा फासा आणि ३डी६ म्हणजे तसे तीन टाकून बेरीज.

१. हा नेमका कसला गेम आहे? डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) खेळलेल्याला लगेच जमेल का?

मॉर्क बोर्ग मूळचा स्वीडिश गेम आहे. इंग्रजी आवृत्ती २०२० मध्ये आली. नावाचा अर्थ ‘अंधारा किल्ला’. जग बुडायला आलंय आणि तुमची पात्रं त्यातली उरलीसुरली माणसं आहेत: भुकेली, कर्जबाजारी, थोडी सडलेली. नियम इतके थोडे आहेत की पंधरा मिनिटांत सांगून होतात.

डी अँड डीवाल्यांना शिकायला वेळ लागत नाही, विसरायला लागतो. शत्रू तुम्हाला मारण्यासाठी फासा टाकत नाही. तुम्ही बचावासाठी टाकता. स्ट्रेंग्थ (ताकद) डॅमेजमध्ये, म्हणजे वाराने होणाऱ्या इजेत, मिळवायची नाही. लेव्हल नाहीत, स्किलची यादी नाही, मरताना तीन वेळा वाचायची संधी नाही. पहिल्या तीन सेशनमधल्या बहुतेक चुका या जुन्या सवयींच्याच असतात.

२. खेळायला काय काय लागतं? पुस्तक विकत घ्यावंच लागेल का?

खेळाडूने घ्यायची गरज नाही. चित्रं वगळून नियमांची फुकट पीडीएफ प्रकाशकांनीच दिलेली आहे, ती पुरते. झेरॉक्सवाल्याकडे तीच न्या. मूळ पुस्तकाची पानं पिवळीजर्द आणि काळीकुट्ट आहेत. ती छापायला दिली तर एकतर बिल फुगतं, नाहीतर काळ्यावर काळं छापून हातात येतं.

फाशांचा सात नगांचा एक सेट बास: डी४, डी६, डी८, दोन डी१०, डी१२, डी२०. डी२ नावाचा फासा शोधत फिरू नका. कुठलाही फासा टाका, विषम आला तर १, सम आला तर २. डी६६ म्हणजे दोन डी६, पहिला दशक आणि दुसरा एकक. ३डी६ साठी तीन फासे नसतील तर एकच तीनदा टाका. घरच्या ल्यूडोतला फासाही चालतो, फक्त त्याचे कोपरे झिजलेले नसावेत.

३. कॅरेक्टर बनवायचा क्रम काय? किती वेळ धरावा?

पहिल्यांदा वीस मिनिटं, नंतर पाच-सात.

आधी क्लास, म्हणजे पात्राचा तयार साचा, घ्यायचा की नाही ते ठरवा (प्रश्न ६). मग सामान: पाण्याची पखाल आणि डी४ दिवसांचं अन्न प्रत्येकाला मिळतं. चांदीची नाणी २डी६ × १०. पुढे सामानाचे तक्ते, शस्त्र, चिलखत. त्यानंतर चार अ‍ॅबिलिटी, मग हिट पॉइंट (किती मार सोसता येतो ते), मग ओमेन (प्रश्न १२). शेवटी नाव, आणि हौस असेल तर वाईट सवयी, मोडकं शरीर वगैरेंचे तक्ते. हे शेवटचे तक्ते नियमाने सक्तीचे नाहीत, पण ते टाळून बनवलेलं पात्र टेबलावर कुणाच्या लक्षात राहत नाही.

एक फाटा लक्षात ठेवा. सामानात स्क्रोल (मंत्राची गुंडाळी) आला तर शस्त्रासाठी डी१० ऐवजी डी६ आणि चिलखतासाठी डी४ ऐवजी डी२ टाकायचा. हे बरेच जण विसरतात. मग मंत्रवाला भलीमोठी दोन हातांनी धरायची तलवार आणि जड चिलखत घेऊन हजर होतो आणि त्याचा मंत्र काही चालत नाही (प्रश्न १३).

४. अ‍ॅबिलिटीचे आकडे कसे काढायचे? ११ आला तर ११ लिहायचे का?

नाही. बेरीज फक्त तक्त्यात बघायची. कागदावर मॉडिफायर, म्हणजे डी२० मध्ये मिळवायचा आकडा, जातो.

१ ते ४: −३
५–६: −२
७–८: −१
९ ते १२: ०
१३–१४: +१
१५–१६: +२
१७ ते २०: +३

चार अ‍ॅबिलिटी अशा. स्ट्रेंग्थ म्हणजे जवळून वार करणं, उचलणं, ढकलणं. अजिलिटी म्हणजे बचाव, तोल, पोहणं, पळ काढणं. प्रेझेन्स म्हणजे नजर, नेम, गोड बोलणं आणि मंत्र. टफनेस म्हणजे विष, थंडी, उंचावरून पडणं.

क्लास नसलेल्या पात्राला कोणत्याही दोन अ‍ॅबिलिटीसाठी ४डी६ टाकून सर्वांत लहान फासा काढून टाकता येतो. बाकी दोनसाठी सरळ ३डी६. कोणत्या दोन, हे फासे टाकायच्या आधी बोला (टेबलाचा नियम).

उदाहरण. स्ट्रेंग्थला ४, २, ५ पडले: ११, म्हणजे ०. अजिलिटीला २, १, ४: ७, म्हणजे −१. प्रेझेन्सला चार फासे: ६, ५, ३, १. एक काढला, उरले १४, म्हणजे +१. टफनेसलाही चार: ३, ३, २, २. एक दोन काढला, उरले ८, म्हणजे −१. चार फासे टाकूनही उणेच. हे पात्र पुढे प्रश्न ७ आणि १० मध्ये पुन्हा भेटेल.

५. सगळे आकडे उणे आले. पुन्हा टाकू का?

पुस्तकाप्रमाणे नाही. ३डी६ मध्ये ९ ते १२ येण्याची शक्यता सुमारे ४८ टक्के आहे, म्हणजे अर्ध्या वेळा हाती शून्यच लागणार. डीआर १२ च्या टेस्टमध्ये (म्हणजे डी२० वर किमान १२ गाठायचे, प्रश्न ९) शून्यवाल्याला ४५ टक्के संधी असते, −३ वाल्याला ३० आणि +३ वाल्याला ६०. फरक आहे, पण वाटतो तेवढा नाही. दुबळं पात्र टिकवायचं तर फासा टाकायची वेळच कमी येऊ द्यायची: दोर आधी बांधा, तेल आधी ओता, दार बाहेरून लावून घ्या. जे विचार करून जमतं त्याला जीएम टेस्ट मागत नाही.

६. क्लास घ्यावा की नको? क्लासचा +२ कुठे मिळवायचा?

पुस्तकात सहा क्लास आहेत आणि ते ऐच्छिक आहेत. पहिल्या सेशनला आम्ही बिनक्लासचं पात्र सुचवतो, कारण त्यात अपवाद कमी आणि ४डी६ ची सवलत असते. ही सवलत क्लासवाल्यांना नाही.

सगळ्यात जास्त चुकणारी जागा हीच. क्लासने दिलेली वाढ-घट फाशांच्या बेरजेत करायची, मॉडिफायरमध्ये नाही. फँग्ड डिझर्टर, म्हणजे दातांनी लचके तोडणारा पळपुटा सैनिक, स्ट्रेंग्थसाठी ३डी६+२ टाकतो आणि अजिलिटी व प्रेझेन्ससाठी ३डी६−१. बेरीज ११ आली तर +२ धरून १३, म्हणजे मॉडिफायर +१. ‘० अधिक २ बरोबर +२’ असं केलंत तर पात्र फुकटात बळकट होतं. तक्ता १८ वर न थांबता २० पर्यंत का जातो, याचं कारणही हेच.

त्याच डिझर्टरचा चावा डीआर १० वर लागतो, डॅमेज डी६. पण चावायला अंगाशी जावं लागतं, म्हणून सोबत डी६ टाका: १–२ आला तर शत्रूला फुकट वार मिळतो. हा फासा खेळाडू सोयीस्करपणे विसरतात, जीएमने आठवण ठेवावी.

७. माझ्या पात्राला फक्त २ हिट पॉइंट आले. काहीतरी चुकलंय का?

बहुतेक नाही. बिनक्लासवाल्याचे हिट पॉइंट टफनेस + डी८, कमीत कमी १. प्रश्न ४ मधल्या पात्राचा टफनेस −१, डी८ वर ३ पडला, म्हणजे २. क्लासनुसार हा फासा बदलतो (डिझर्टरला डी१०).

दोन हिट पॉइंटचं पात्र खेळता येतं, पण चिलखत आणि ढाल यांवर पैसे घालवा, शस्त्रावर नको. आणि पुढे चालू नका.

८. चिलखत जड घेतलं तर फायदाच ना? सामान किती नेता येतं?

हलकं चिलखत डॅमेजमधून डी२ कमी करतं, मध्यम डी४, जड डी६. मध्यम घातलं की अजिलिटीच्या सगळ्या टेस्टचा डीआर २ ने वाढतो, बचावाचाही. जड घातलं की अजिलिटीच्या टेस्टला +४, पण बचावाला फक्त +२. म्हणजे नुसत्या मारामारीत मध्यमपेक्षा जड सरस. पाण्यात पडलात, भिंत चढायची झाली किंवा पळायची वेळ आली, की ते जड चिलखत गळ्यातला धोंडा होतं.

साधारण आकाराच्या वस्तू स्ट्रेंग्थ + ८ एवढ्या. त्यापेक्षा जास्त झाल्या की स्ट्रेंग्थ आणि अजिलिटीच्या टेस्टचा डीआर २ ने वाढतो, आणि मर्यादेच्या दुपटीपुढे उचलताच येत नाही. सुरुवातीच्या तक्त्यात गाढव आलं असेल तर विकू नका. पहिल्या मोहिमेत सगळ्यात जास्त उपयोगी तेच पडतं.

९. डीआर किती ठेवायचा हे जीएमने कसं ठरवायचं?

डी२० टाका, अ‍ॅबिलिटी मिळवा, डीआरएवढं किंवा जास्त आलं तर जमलं. नेहमीचा डीआर १२. रोजच्यातलं काम ८, बऱ्यापैकी सोपं १०, अवघड १४, फारच अवघड १६, आणि १८ म्हणजे खरं तर जमायलाच नको असं काम. नवे जीएम घाबरवण्यासाठी सर्रास १४ लावतात. त्याने शून्यवाल्याची संधी ४५ वरून ३५ टक्क्यांवर येते, खेळ अडकतो आणि टेबलावर सगळे मोबाईल काढतात. शंका असेल तर १२.

१०. लढाईतला एक राउंड सावकाश समजावून सांगाल का?

आधी डी६: १ ते ३ शत्रू पहिले, ४ ते ६ तुम्ही पहिले. जवळचा वार स्ट्रेंग्थने, दूरचा प्रेझेन्सने, बचाव अजिलिटीने. सगळं साधारणपणे डीआर १२ वर.

आता प्रश्न ४ चं पात्र घ्या. हिट पॉइंट २, अजिलिटी −१, हलकं चिलखत, हातात ढाल, ओमेन १. समोर गंजकी कुऱ्हाड घेतलेला एक सांगाडा, डॅमेज डी६. फासा २ आला, शत्रू पहिला.

जीएम फासा टाकत नाही. खेळाडू बचावाला डी२० टाकतो: १२. वजा १, झाले ११. एकाने हुकलं, वार लागला. जीएम डॅमेज टाकतो: ४. चिलखताचा डी२: १. उरले ३. ढाल हातात आहे म्हणून आणखी १ कमी, उरले २. हिट पॉइंट २ होते, राहिले बरोबर ०. पात्र ‘ब्रोकन’ (प्रश्न ११). ढाल नसती तर −१ झाले असते आणि पात्र जागीच मेलं असतं. एका ढालीचा फरक एवढा.

पण ढालीचा दुसरा उपयोग आहे: एका वाराचं सगळं डॅमेज रद्द करता येतं, त्या बदल्यात ढाल फुटते. इथे तेच करायला हवं होतं. नवे खेळाडू ढाल जपून ठेवतात आणि पात्र घालवतात.

बचावाला २० पडला तर तुम्हाला फुकट वार. १ पडला तर दुप्पट डॅमेज आणि चिलखत एक पायरी खाली. वाराला २० म्हणजे दुप्पट डॅमेज आणि शत्रूचं चिलखत एक पायरी खाली. वाराला १ म्हणजे शस्त्र मोडलं किंवा हातातून गेलं. दुप्पट आधी करायचं, चिलखत नंतर वजा (टेबलाचा नियम).

११. शून्य हिट पॉइंट म्हणजे मेलो का?

बरोबर शून्य असेल तर डी४ टाका. उणे झालं तर मेलात, फासा नाही.

१: डी४ राउंड बेशुद्ध, मग डी४ हिट पॉइंटसह शुद्धीवर.
२: डी६ टाका. १ ते ५ हात किंवा पाय मोडला-तुटला, ६ डोळा गेला. डी४ राउंड काही करता येत नाही, मग डी४ हिट पॉइंटसह उभे.
३: रक्तस्राव. उपचार झाले नाहीत तर डी२ तासांत मृत्यू. पहिल्या तासात सगळ्या टेस्ट डीआर १६, शेवटच्या तासात १८.
४: मेलात.

‘३’ आला की बाकीच्यांची धांदल उडते, म्हणून जखमा बांधायचं सामान कुणाकडे आहे हे आधीच ठरवून ठेवा.

१२. ओमेन कधी वापरायचा? डॅमेज कळल्यावर चालेल का?

ओमेन हा तुमच्या हातातला शकुन. पाचपैकी एक करता येतं: तुमच्या एका वाराचं डॅमेज पूर्ण धरणं, कुठलाही फासा पुन्हा टाकणं (तुमचा किंवा दुसऱ्याचा), तुमच्यावरचं डॅमेज डी६ ने कमी करणं, क्रिट किंवा फम्बल (डी२० वर पडलेला २० किंवा १) रद्द करणं, टेस्टचा डीआर ४ ने उतरवणं. बिनक्लासवाल्याला डी२ मिळतात. सगळे संपल्यावरच, विश्रांतीनंतर, नव्याने टाकता येतात. म्हणून एक ओमेन ‘वाचवून’ ठेवणारा खेळाडू तोट्यात जातो.

डॅमेजचा आकडा कळल्यावर ओमेन किंवा ढाल वापरायला आम्ही परवानगी देतो, पण हिट पॉइंट खोडून नवा आकडा लिहायच्या आत (टेबलाचा नियम). पेन्सिल टेकली की संपलं.

१३. स्क्रोलमधले मंत्र दिवसातून किती वेळा? चिलखत घालून चालतात का?

रोज सकाळी प्रेझेन्स + डी४ टाका, तेवढ्या वेळा. हा आकडा सगळ्या स्क्रोलचा मिळून असतो, एकेकाचा वेगळा नाही. प्रेझेन्स −२ आणि डी४ वर १ किंवा २, तर आज मंत्र नाही. वापरताना प्रेझेन्स डीआर १२. चुकलं तर डी२ हिट पॉइंट जातात आणि तासभर गरगरतं. नैसर्गिक १ (फाशावरच १) पडला तर पुस्तकातला अनर्थांचा तक्ता उघडा, आणि तो मोठ्याने वाचा. मध्यम किंवा जड चिलखतात मंत्र चालत नाहीत.

१४. झोपल्याने किती भरून येतं?

थोडा दम खाल्ला तर डी४, रात्रभर झोपलात तर डी६. खाणंपिणं नसेल तर विश्रांतीने काही भरत नाही, आणि दोन दिवसांनंतर रोज डी४ जातात. जखम चिघळली असेल तर रोज डी६ जातात आणि झोप उपयोगाची नाही.

१५. लेव्हल नाहीत, मग पात्र वाढतं कसं?

जीएम सांगेल तेव्हा. ६डी१० टाका. बेरीज कमाल हिट पॉइंटएवढी किंवा जास्त असेल तर कमाल डी६ ने वाढते. सहा फाशांची किमान बेरीजच ६ असते, म्हणजे दोन-चार हिट पॉइंटवाल्यांची वाढ नक्की.

मग प्रत्येक अ‍ॅबिलिटीसाठी एक डी६. सध्याच्या आकड्याइतका किंवा जास्त आला तर +१ (कमाल +६), कमी आला तर −१. −३ ते +१ असलेली अ‍ॅबिलिटी मात्र १ पडल्याशिवाय वाढतेच. १ पडला तर तीही एकाने उतरते. म्हणजे वर चढावं तशी घसरण वाढते: +४ वाल्याला अर्धीच संधी आणि +५ वाल्याला तीनात एक. हा फासा टाळता येतो का, असं विचारतात. नाही.

१६. रविवारी मेगाब्लॉक आहे, मी उशिरा पोचणार. किंवा पात्र मधेच मेलं. मग काय?

दोन्हींचं उत्तर एकच, आणि ते टेबलाच्या नियमातलं. प्रत्येकाने एक जादा पात्र भरून घड्या घालून ठेवावं. मेलेला खेळाडू पुढच्या खोलीत त्या पात्रासह सापडतो: बेड्यांत, खड्ड्यात किंवा शत्रूच्या स्वयंपाकघरात. हार्बर किंवा ट्रान्स-हार्बरवर ब्लॉक असेल तर तो साधारण सकाळी ११ ते दुपारी ४ मध्ये असतो, म्हणून अशा रविवारी आम्ही साडेचारला सुरू करतो. तरीही उशीर झालाच तर तुमचं पात्रही तसंच पुढच्या खोलीत सापडेल. आल्या आल्या ‘काय काय झालं’ विचारू नका. तुमच्या पात्रालाही ते ठाऊक नाही.

१७. जग बुडतं ते नक्की कधी? मोहीम किती सेशन चालेल?

गेममधल्या प्रत्येक पहाटे जीएम एक फासा टाकतो. १ पडला की एक संकट येतं, कोणतं ते डी६६ वर. सातवं आलं की जग संपलं. कोणता फासा हे मोहीम सुरू होताना ठरतं: डी१००, डी२०, डी१०, डी६ किंवा डी२. गणित सोपं आहे: फाशाच्या बाजू गुणिले सात, तेवढे दिवस सरासरीने. डी६ घेतला तर ४२ दिवस, डी२ घेतला तर १४, डी१०० घेतला तर ७००. महिन्यातून दोनदा भेटणाऱ्या टेबलाला डी६ पुरतो. डी१०० घेणारे सातव्या संकटापर्यंत पोचलेले आम्ही पाहिले नाहीत, त्याआधी कुणाची तरी पुण्याला बदली होते.

शेवटी पुस्तक जाळा असं नियमात आहे. कॅरेक्टरचा कागद फाडला तरी चालतं. गच्चीवर जाळायला जाऊ नका, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो.

१८. विषय फारच काळा आहे. कुणाला त्रास झाला तर?

सुरू करण्याआधी पाच मिनिटं काढा आणि प्रत्येकाला विचारा, काय अजिबात नको. लहान मुलांवरची हिंसा, लैंगिक अत्याचार आणि जातीवरून छळ या तीन गोष्टी आमच्या टेबलावर विचारायच्या आधीच बंद आहेत. खेळताना कुणी ‘पुढे चला’ म्हटलं की प्रसंग तिथेच कापायचा, कारण विचारायचं नाही.

१९. युरोपी दलदलीऐवजी आपल्याकडची जागा घेतली तर नियम बदलावे लागतात का?

नियम नाही, तक्ते बदलतात. ठाण्याची खाडी हातात असताना दलदल उसनी कशाला आणायची? कांदळवनातला गुडघाभर चिखल म्हणजे अजिलिटीला डीआर +२, आणि मध्यम चिलखत असेल तर त्याचा +२ वेगळा. भरती-ओहोटी सुमारे सहा-सहा तासांनी उलटते, तेव्हा जीएमने कागदाच्या कोपऱ्यात वेळ लिहावी. ओहोटीला उघडी पडलेली वाट भरतीला पोहून पार करावी लागते, आणि पोहणं अजिलिटीचं.

किल्ल्यासाठी घोडबंदर किंवा बेलापूर एकदा पाहून या, पडक्या भिंतींची मापं डोळ्यांत बसतात. ठाण्याच्या किल्ल्यात आता मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे तो नकाशावरच. शस्त्रांच्या तक्त्यात तलवारीच्या जागी कोयता घातला तर डॅमेज डी६ तसाच ठेवा. होडीचं वल्हं डी४. गाढवाच्या ओळीत मात्र काहीही बदलू नका.